सेकंड मालाचा टॉवेल

आधी त्याचं पाणी काढायचं, म्हणाला नागेश,
नाहीतर तेल अंगावर उडतं.
पांढरा चौकोनी ठोकळा,
पिशवीत आपल्याच पाण्यात बुडालेला.
पनीर समजून मी वास घेतला.
वासच नाही.
'सोयाबीनचं आहे, अम्मा. बार्शीकडं पिकतं ना, तेच.'
जिमला जायला लागल्यापासून हा पोरगा
ताटातलं सगळं ग्रॅममध्ये मोजतो.

टॉवेलला आमच्या घरी तोटा नाही.
दिवाळीला कारखान्यातून हे घेऊन येतात,
काठाचा दोरा चुकलेला,
नाहीतर मोराला एकच पाय.
सेकंड माल.
बाजारात चालत नाही, पाणी मात्र झकास पितो.
एकपायी मोरात टोफू गुंडाळला,
वर परात, परातीत वरवंटा,
वरवंट्याशेजारी ज्वारीचा डबा.
लावण्या म्हणाली, बिचाऱ्यानं काय केलंय?

अर्ध्या तासानं टॉवेल पिळला,
वाटीभर पाणी!
आमचा नळ येतो पाचव्या दिवशी,
तोही रात्री दोनला, खोकत खोकत.
हे पाणी मोरीत ओतायला हात होईना.
कढीपत्त्याला घातलं.

मग बोटाएवढे तुकडे.
तांदळाची पिठी, कॉर्नफ्लॉवर, मीठ.
शेंगाचटणी घालू नको म्हणाला, मी घातली.
ज्याला स्वतःचा वास नाही
त्याला कुणीतरी द्यायला नको?

करडईचं तेल तापलं.
पहिला तुकडा तळाला धरून बसला,
तो कढईचाच समजायचा.
दुसरा मोडला. तो मी खाल्ला,
कुणाला सांगितलं नाही.
तिसऱ्यापासून हात बांधून उभी राहिले.
यांचं मागावरचं एक बोलणं आहे,
दोरा अडला की ओढू नये,
थांबावं, तो आपणहून सुटतो.
सुटला.
सोनेरी होऊन वर आला, कुशीवर वळला.

मामा दाराशी पाटावर बसले होते.
बेचाळीस वर्षं यंत्रमाग,
एकटे चार चार माग सांभाळायचे.
कान तिथंच राहिले.
कानाचं मशीन शिट्टी मारतं म्हणून
सुपारीच्या डब्यात पडून असतं.
पूर्वी आमचे ओठ वाचायचे,
मागावरची सगळीच माणसं वाचतात.
आता मोतीबिंदू. आता आमचे ओठही
त्यांना धुरकट दिसत असतील.
जेवताना ताटाकडं बघतात, आमच्याकडं नाही.

मी त्यांच्या ताटात दोन तुकडे ठेवले.
एक दाताखाली गेला आणि मामा थांबले.
मला वाटलं, गेली दाढ.
त्यांनी गालावर हात ठेवला,
जबडा हळूच हलवला, पुन्हा थांबले.
'सप्पुडु,' म्हणाले.
आमच्या तेलुगूत, आवाज.
कितीतरी दिवसांनी विचारल्याशिवाय बोलले.

दुसरा तुकडा डोळे मिटून खाल्ला.
कुर्र. कुर्र.
हाडातून जात असेल का तो आत,
कानांना वळसा घालून?
नागेशला विचारायचं होतं, त्याला असलं सगळं माहीत असतं,
पण तो खाणं विसरून आजोबांच्या गालाकडं बघत होता.

अकरा तुकडे खाल्ले.
नागेशनं सहापर्यंत ग्रॅम मोजले, मग मोजणं सोडलं.
मी पीठ पुन्हा कालवलं.
लावण्या मुद्दाम त्यांच्या शेजारी बसून
तोंड उघडं ठेवून चावत राहिली.
रोज मी रागावते त्यासाठी,
आज रागावले नाही.

हे दुसऱ्या पाळीवरून आले तेव्हा
कढई रिकामी होती.
यांच्यासाठी झाकून ठेवलेले चार
भाकरीबरोबर दोनच खाऊन
हे बसल्या जागी झोपले.

सकाळी मोर दोरीवर वाळत होता.
राहिलेले दोन तुकडे मी चहाबरोबर मामांना दिले.
एक चावला,
दुसरा बशीच्या कडेला सारला.
'हे मुके आहेत,' म्हणाले.